पाचामुखी परमेश्वर, पण पाच जण नेमायचे कुणी?

‘पाचामुखी परमेश्वर’ या म्हणीत न्यायाची एक धारणा दडलेली आहे: माणूस पंचाच्या जागी बसला की त्याच्या तोंडून त्याच्यापेक्षा मोठे कुणीतरी बोलते. तरीही पेशवाईत पंचायत बसण्यापूर्वी वादी-प्रतिवादींकडून राजीनामा लिहून घेत. (तेव्हा या शब्दाचा नोकरी सोडण्याशी संबंध नव्हता, निवाडा मान्य करू, अशी ती लेखी राजीखुशी होती.) परमेश्वरावर भरवसा होता, पण कागदही हवा होता. आणि कागदानेही भागत नसे. पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावरच्या १८१९च्या अहवालात पंचायतीची बाजू घेणाऱ्या इंग्रज प्रशासक एल्फिन्स्टनने तिची रखडपट्टीही नोंदवली आहे. मागे सरकारचा हात नसला की तिचे काम अडे. निःपक्षपात हा पंचाच्या अंतःकरणाचा गुण मानण्याची आपली सवय जुनी आहे. मला तो आधी व्यवस्थेचा गुण वाटतो.

पिंपरीचा कारखानदार आणि त्याचा जर्मन गिऱ्हाईक यांच्यात तंटा झाला, तर दोघांच्याही वर असा एकच राजा नाही. एकाला दुसऱ्याच्या देशातले कोर्ट नको असते. ही पोकळी लंडनच्या (१८९२), पॅरिसच्या (१९२३), सिंगापूरच्या (१९९१) आणि अलीकडे मुंबईच्या (२०१६) लवाद संस्था भरतात. पॅरिसच्या संस्थेच्या नावात ‘कोर्ट’ आहे, पण ती स्वतः एकही निवाडा देत नाही. एखादा पक्ष लवाद नेमायला टाळाटाळ करू लागला तर ती नेमते, लवादावरचे आक्षेप ऐकते, आणि सहीपूर्वी निवाड्याचा मसुदा तपासते. मजकुरातल्या उणिवा दाखवते, निर्णय मात्र लवादाचाच ठेवते. लवादाची फीही तीच ठरवते. ही बाब क्षुल्लक वाटेल, पण ज्यांचा न्याय करायचा त्यांच्याशीच पंचाला आपल्या मोलाची घासाघीस करावी लागू नये, यातच निःपक्षपाताचा अर्धा पाया आहे.

यावर पहिला आक्षेप असा की संमती पुरेशी आहे: दोघांनी करार केला, १९५८च्या न्यूयॉर्क करारामुळे निवाडा परदेशातही बजावता येतो, मग मधल्या संस्थेचे काम काय? पण संमती दिली जाते ती सौदा जुळताना, आणि लागते ती भांडण पेटल्यावर, तेव्हा ती देणारा माणूस उरलेलाच नसतो. शिवाय संमती सारख्या बळाची असतेच असे नाही. सरकारी कंपनीने एकतर्फी लवाद नेमावा, ही कलमे समानतेच्या तत्त्वाशी विसंगत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये म्हटले. कंत्राटदाराची सही त्या कलमांखालीही असतेच.

दुसरा आक्षेप जड आहे: संस्था तरी कशा वाचवणार? नायजेरियाविरुद्धच्या एका वायूप्रकल्पाच्या लवादात २०१७ साली ६.६ अब्ज डॉलरचा निवाडा झाला, व्याजासह तो ११ अब्जांवर गेला. लाचखोरी झाली होती आणि नायजेरियाची गोपनीय कायदेशीर कागदपत्रे प्रतिपक्षाच्या हाती होती, असे आढळल्यावर लंडनच्या उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३मध्ये तो निवाडा टिकू दिला नाही. तो लवाद कुठल्याही संस्थेच्या छत्राखाली नव्हता. पण संस्था असती तर लाच दिसलीच असती, असे म्हणणे फसवे होईल. बंद दाराआडचा कारभार संस्थांचाही आहे, आणि त्यांचे पोट बड्या गिऱ्हाइकांवरच चालते. म्हणून संस्थेला पंचाहूनही कडक नियम हवा. लंडनच्या संस्थेने लवादांवरील आक्षेपांचे निर्णय, नावे वगळून का होईना, कारणांसह प्रसिद्ध केले आहेत. त्यातून राखणदारावरही थोडीफार नजर ठेवता येते.

मध्यस्थीत तर निवाडाच नसतो, असते ती केवळ राजीखुशी. तिथे संस्था कशाला, असे वाटणे स्वाभाविक आहे. पण मध्यस्थीतून झालेल्या तडजोडींविषयीच्या २०१९च्या सिंगापूर कराराने, ज्यावर भारतानेही सही केली, तिथेही पळवाट मोकळी ठेवलेली नाही. मध्यस्थाने आचारनियमांचा इतका गंभीर भंग केला असेल की एरवी त्या पक्षाने सहीच केली नसती, तर सही खरी असूनही अशा तडजोडीची अंमलबजावणी नाकारता येते.