यथाशक्ती

कोणत्याही पूजेला बसलो की संकल्पात ‘यथाशक्ती’ हा शब्द येतो. गुरुजी सांगतात, आपण म्हणतो आणि पळीभर पाणी ताम्हनात सोडतो. बहुतेकांना तो नुसता नम्रतेचा शब्द वाटतो. पण ज्याची शक्तीच रोज मोजून मिळते, त्याला तो वेगळा ऐकू येतो. त्याविषयी दत्तभक्तांपुढे चार शब्द मांडावेत असे वाटले.

गेली आठ वर्षे मला क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया आहे. हा रक्ताचा कर्करोग, पण संथ चालीचा. यात अस्थिमज्जेत पांढऱ्या पेशी बेसुमार तयार होतात. १९६० साली या रोग्यांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसले. नऊ आणि बावीस क्रमांकाच्या गुणसूत्रांचे तुकडे आपापसांत बदलले गेल्याने ते तसे होते, हे १९७३ साली कळले. त्यातून जे बिघडलेले प्रथिन तयार होते, नेमके त्यालाच अडवणारी इमॅटिनिब ही गोळी २००१ साली अमेरिकेत मंजूर झाली. भारतात तिच्या पेटंटचा दावा सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली फेटाळला आणि इथल्या कंपन्यांची स्वस्त गोळी आमच्यासारख्यांना मिळत राहिली. पूर्वी जो आजार काही वर्षांत माणसाला नेत असे, त्यात आता रोज जेवणासोबत एक गोळी घेऊन बहुतेक जण संसार करतात. ही महाराजांची कृपाच म्हणायची.

मात्र गोळी जगवते, ताकद परत देतेच असे नाही. रात्रभर झोपूनही सकाळी अंग शिशासारखे जड असते. बाहेरून काही दिसत नाही. लोक म्हणतात, “अहो, तुम्ही तर चांगले धडधाकट दिसता!” ते प्रेमानेच म्हणतात. पण त्यातून मनात एक प्रश्न उभा राहतो. हा थकवा खरा, की थकव्याच्या नावाखाली आपण कर्तव्यातून अंग काढून घेतोय?

या प्रश्नाला मी एक कसोटी लावतो. आळस नावडत्या कामापुरताच असतो. आवडीचे काही निघाले की तो पळतो. हा थकवा आवडीच्या गोष्टीलाही सोडत नाही. नातू खेळायला बोलावतो, मन धावते आणि पाय उठत नाहीत, तेव्हा समजावे की हा आळस नव्हे. तरी तेवढ्यावर थांबू नये. रक्त कमी आहे का, थायरॉइड बिघडले आहे का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. आणि थकवा येतो म्हणून आपल्या मनाने गोळी तर कधीच चुकवू नये. रोज थोडे चालल्याने थकवा कमी होतो, हा माझाही अनुभव आहे.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूतांनी चोवीस गुरू सांगितले, त्यांत अजगर आहे. जे समोर येईल ते, थोडे असो वा फार, तो स्वीकारतो. नाही आले तर शांत पडून राहतो. गृहस्थाने अजगरासारखे पडून कसे चालेल? घरात दळण-किराणा आहे, नोकरी आहे. खरे आहे. पण अजगराकडून पडून राहणे शिकायचे नाही, मिळाले तेवढ्यावर तक्रार न करणे शिकायचे. मी ते अन्नाऐवजी शक्तीला लावतो. आज दोन तासांची ताकद आली, तर दोन तासांचे काम. उद्याची उसनी घ्यायची नाही.

दुसरा गुरू बाण करणारा कारागीर. तो कामात इतका गढला होता की शेजारून राजाची स्वारी गेली तरी त्याला कळले नाही. मी पतसंस्थेत हिशेब पाहतो. डोके ताजे असते ते अकरा ते एक. ताळेबंद, व्याजाची आकारणी, सगळे अवघड काम त्या वेळात, एका वेळी एकच. दुपारी सह्या आणि फायली. साहेबांना आजार स्पष्ट सांगितला आहे. काउंटरचे उभे काम एक तरुण सहकारी करतो, त्याचे हिशेबाचे काम मी करतो. त्याचे उपकार मी लपवत नाही आणि त्याला माझी दया करावी लागत नाही. मदत मागण्यात कमीपणा नाही, मात्र ती गृहीत धरू नये.

आता सेवेचे. दत्तजयंतीला पालखीला खांदा द्यावा, पंगतीत वाढावे, असे कोणाला वाटत नाही? पण मी हट्टाने उभा राहिलो, तर पुढचे दोन दिवस माझी शुश्रूषा घरच्या मंडळींना करावी लागणार. म्हणजे सेवा माझ्या नावावर आणि श्रम त्यांच्या! अशी सेवा महाराजांना कशी रुचेल? म्हणून मी बसून द्रोण-पत्रावळी मोजून देतो, देणगीच्या पावत्या लिहितो. सप्ताहाच्या पारायणाला लागेल तेवढी बैठक आता होत नाही. रोज थोड्या ओव्या वाचतो. गुरुवारी उपाशीही राहत नाही, कारण गोळी जेवणासोबतच घ्यायची असते.

शक्ती असून कमी करणे हा आळस. शक्ती नसताना जास्त करून दाखवणे हाही एक अहंकारच. ‘यथाशक्ती’ हा शब्द या दोहोंच्या मधली वाट दाखवतो. देवापुढे हात जोडून आपण जे बोलतो, ते खरे असायला हवे, एवढेच.

अवधूतांचा आणखी एक गुरू चंद्र. वाढतात आणि घटतात त्या कला. चंद्र आहे तसाच असतो. तसेच देहाचे. मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला आपण जन्मोत्सव करतो, तेव्हा वर पूर्ण चंद्र असतो. पंधरा दिवसांनी तो दिसणार नाही, पण असेल. आपल्या घरात, शेजारी कोणी असा थकलेला असेल, तर त्याला “जरा उठून कामाला लागा” असे म्हणण्याआधी हे आठवावे. आणि जो थकला आहे त्याने आजची कला जेवढी असेल तेवढी, मनात खंत न धरता, महाराजांच्या चरणी वाहावी.

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!