परतीच्या प्रवासाचे देणे

युद्धाच्या वणव्यातून सुटलेली माणसे विमानातून उतरत असताना एखाद्या मंत्रिमहोदयांनी त्यांच्या हाती गुलाबाचे फूल द्यावे, छायाचित्रकारांनी तो प्रसंग टिपावा, आणि तळघरात रात्री काढून आलेल्या विद्यार्थ्याने कृतज्ञतेचे दोन शब्द बोलावेत अशी अपेक्षा सर्वांनी धरावी, हा सोहळा २०२२ साली युक्रेनमधून हजारो विद्यार्थी परतले तेव्हापासून इतका अंगवळणी पडला आहे की त्यात काही विपरीत आहे असे म्हणणाराच विक्षिप्त ठरतो. त्याच्या जोडीला दुसरा सूरही उमटतो : ‘यांना तिकडे जायला सांगितले होते कोणी?’ वरकरणी हे दोन्ही सूर परस्परविरोधी. पण दोहोंच्या मुळाशी समजूत एकच, ती ही की परमुलखात अडकलेल्या प्रजाजनाला परत आणणे हे मायबाप सरकारचे औदार्य होय. माझ्या मते ते देणे आहे, आणि ते देणे कसे उत्पन्न झाले याचा इतिहास आपण भलत्या टोकाकडून वाचतो.

त्या इतिहासाची रूढ वंशावळ सर्वांना ठाऊक आहे. नागरिकाला झालेली इजा ही त्याच्या राज्यालाच झालेली इजा, हा सिद्धान्त विधिज्ञ व्हॅटेलने १७५८ साली मांडला. ब्रिटिश परराष्ट्रमंत्री पामर्स्टनने १८५० साली डॉन पॅसिफिको या व्यापाऱ्याच्या नुकसानभरपाईपायी ग्रीसची नाकेबंदी करून तो तोफांच्या तोंडून वदवला. आणि १९६३ च्या व्हिएन्ना कराराने नागरिकांना साह्य करणे हे वाणिज्य वकिलातींच्या कार्यांत समाविष्ट केले. या साऱ्या परंपरेत हक्क राज्याचा आहे आणि नागरिक निमित्तमात्र. त्याच्यासाठी धावायचे की नाही, हे राज्याने आपली सोय पाहून ठरवावयाचे.

आपल्याकडे मात्र परत आणण्याची कल्पना रुजली ती गिरमिटाच्या, म्हणजे मुदतबंद मजुरीच्या, करारनाम्यात. फिजीला जाणाऱ्या मजुराच्या करारात पाच वर्षांची मजुरी होती, आणि दहा वर्षांच्या वास्तव्यानंतर सरकारी खर्चाने परतीचा प्रवासही होता. ती व्यवस्था अमानुष होती यात शंका नाही. पण ज्या दस्तऐवजाने माणसाला बांधले त्याच दस्तऐवजाने त्याला परतीचा दावाही दिला होता, आणि असा लेखी दावा आजच्या पारपत्रधारकापाशी नाही.

हा दावा किती पोकळ करता येतो हे १९४१-४२ साली ब्रह्मदेशात दिसले. रंगूनवर बॉम्ब पडू लागताच गोदीतील व सफाईकामातील भारतीय मजूर शहर सोडू लागले, तेव्हा शहराचे चलनवलन थांबू नये म्हणून त्यांना वाटेत अडवून परत फिरवण्यात आले. आणि पुढे लाखो लोक तामूच्या व आराकानच्या वाटांनी डोंगर तुडवीत निघाले, तेव्हा बऱ्या वाटेवर गोऱ्यांना अग्रक्रम मिळतो असा बोभाटा देशभर झाला. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात परदेशस्थ भारतीयांचे खाते त्या वेळी लोकनायक बापूजी अणे यांच्याकडे होते. परंतु खाते भारतीयाच्या हाती असले तरी अंमल कोणाचा होता, हे त्या रानवाटांवर मेलेल्या हजारोंनी दाखवून दिले. सरकारने त्या वेळी हात झटकले नव्हते. कोणाला सोडवायचे आणि कोणाला कामाला जुंपून ठेवायचे, याची प्रतवारी त्याने केली होती.

ही प्रतवारी डोळ्यांपुढे ठेवली म्हणजे मगच १९९० चे कुवेत नीट वाचता येते. आणि सर्वांत अधिक विपर्यास झाला आहे तो याच प्रकरणाचा. कोणी त्यात विमानोड्डाणांचा जागतिक विक्रम पाहतो. २०१६ च्या ‘एअरलिफ्ट’ चित्रपटाने त्यात एका धाडसी व्यापाऱ्याची आणि सुस्त नोकरशाहीची गोष्ट पाहिली. वस्तुतः त्या वर्षी बदलली ती प्रतवारी. ऑगस्टच्या २ तारखेला इराकने कुवेत गिळंकृत केले तेव्हा तेथे सुमारे पावणेदोन लाख भारतीय होते, त्यांत मजूर, सुतार, वाहनचालक, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांचा भरणा होता, आणि कित्येकांची पारपत्रे मालकांच्या कपाटात होती. परराष्ट्रमंत्री इंद्रकुमार गुजराल बगदादला गेले, सद्दाम हुसेनला दिलेल्या आलिंगनाबद्दल त्यांनी पुष्कळ टीका सोसली. कुवेतमधील भारतीय वकिलात बसऱ्याला हलली. आणि वाळवंट ओलांडून अम्मानला पोहोचलेल्या माणसांना घेऊन सुमारे दोन महिने, पाचशेच्या आसपास फेऱ्यांनी, विमाने मुंबईला येत राहिली. जो वर्ग १९४१-४२ साली अडवला गेला होता, त्याच वर्गासाठी या वेळी राज्याने आपली आंतरराष्ट्रीय प्रतिष्ठा पणाला लावली.

हे का घडले? सरकार एकाएकी दयाळू झाले म्हणून नव्हे. या मजुराचे कुटुंब केरळात वा कोकणात मतदार होते, हे एक कारण. दुसरे असे की १९८३ च्या उत्प्रवासन कायद्याने त्याच्या पारपत्रावर परवानगीचा शिक्का मारण्याचा अधिकार सरकारने आपल्याकडे घेतला होता, आणि भरती करणाऱ्या एजंटाकडून जे तारण घेतले जाई त्यात परत आणण्याचा खर्चही गृहीत होता. तिसरे कारण खजिन्याचे, आणि त्याचे वजन पुढे दिसलेच : आखातातून येणारा पैसा आटला आणि तेल महागले, तेव्हा पुढच्याच वर्षी देशाला सोने गहाण टाकावे लागले. ज्याच्या जाण्यावर नियंत्रण ठेवायचे आणि ज्याच्या कमाईवर परकीय चलनाची गंगाजळी भरायची, त्याच्या परतण्याची जबाबदारी टाळता येत नाही; कुवेतमध्ये ती प्रथमच मोठ्या प्रमाणावर पत्करली गेली.

यावर कोणी म्हणेल की युक्रेनला गेलेला विद्यार्थी मजूर नव्हता, त्याला कोणी शिक्का मारून धाडले नव्हते. खरे आहे. परंतु वैद्यकीय शिक्षणाच्या जागा मागणीच्या मानाने अपुऱ्या आणि खाजगी महाविद्यालयांचे शुल्क आवाक्याबाहेरचे, या अवस्थेला राज्याचे धोरणही कारणीभूत आहे, आणि परतल्यावर त्याची परीक्षा घेऊन त्याला डॉक्टर मानायचे की नाही हेही राज्यच ठरवते. २०२२ च्या मार्चच्या २ तारखेला खारकीवमधील विद्यार्थ्यांना सांगण्यात आले की संध्याकाळी सहाच्या आत, वाहन न मिळाल्यास पायी, ११ ते १६ किलोमीटरवरच्या गावांत पोहोचा. परत आणणे हे औदार्य असेल तर त्या पायपिटीबद्दल विचारण्यासारखे काही उरत नाही. ते देणे असेल तर इशारा वेळीच स्पष्ट शब्दांत का दिला नाही, बसगाड्यांची तजवीज का नव्हती, याचा जाब विचारता येतो. आणि हा जाब टळावा म्हणूनच औदार्याची भाषा सत्तेला सोयीची वाटते.

जर्मनीचा १९७४ चा वाणिज्य वकिलातींचा कायदा संकटात दिलेल्या साह्याचा खर्च नागरिकाकडून वसूल करण्याची तरतूद करतो, आणि अमेरिका विमानात बसवण्यापूर्वी वचनचिठ्ठीवर सही घेते, हे आपल्याकडे निष्ठुरपणाचे वाटते. तरीही खर्च फेडणाऱ्या नागरिकाला हिशोब मागता येतो. फूल घेणाऱ्याला आभारच मानावे लागतात. मजुराकडून पैसा वसूल करावा असे मी म्हणत नाही, कारण त्याने तो आधीच भरला आहे. परंतु मोहिमांना नावे देण्याची हौस पुरी झाल्यावर संसदेने एक साधा कायदा करावा, ज्यात सूचना केव्हा द्यायची, नोंद कोणी ठेवायची, खर्च कोणाचा आणि हयगय झाल्यास तक्रार कोणाकडे, हे चार मुद्दे लिहिलेले असतील. ते लिहिले जाईपर्यंत १९९० साली जिंकलेली भूमी प्रत्येक युद्धात नव्याने जिंकावी लागेल, आणि ती जिंकायची की नाही हे त्या त्या सरकारच्या मर्जीवर राहील.