परवानगी नाकारली आहे

घरातल्या माणसाला घरातलीच वस्तू बघायला परवानगी लागावी का, हा प्रश्न पूर्वी फक्त लोणच्याच्या बरणीपुरता होता, आणि त्याचं उत्तर आई देत असे. हल्ली सगळ्यांचे फोटो, बिलं, लग्नाच्या कॅसेटी उतरवून एकाच पेटीत साठवायची पद्धत आली आहे. ही पेटी वायफायच्या शेजारी गुरगुरत बसते. तिला 'नॅस' म्हणतात. मराठी माणसाने तोंड जरा जास्त उघडलं की 'नास' होतो. योजना अशी, की घरात कोणीही, कुठूनही, काहीही उघडावं. प्रत्यक्षात सून सासऱ्यांच्या औषधांची यादी उघडायला जाते आणि पेटी म्हणते, 'परवानगी नाकारली आहे.' पुढे चकार शब्द नाही. सरकारी कचेरीत निदान 'साहेब जेवायला गेलेत' एवढं तरी कळतं.

गोम अशी, की अशा बहुतेक पेट्यांच्या पोटात युनिक्सच्या वंशातली यंत्रणा असते. आणि १९७० च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये जन्मलेल्या त्या युनिक्सच्या मते जगात तीनच तऱ्हेची माणसं: मालक, त्याच्या गटातले आणि बाकीचे. वाचण्याचे ४ गुण, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. बेरीज ७ आली की पूर्ण मुभा. त्यातून मालक ओळखायचा तो नावाने नव्हे, क्रमांकाने. डिस्क काढून दुसऱ्या पेटीत घातली, नाव तेच ठेवलं, तरी जुन्या पेटीतले १००० क्रमांकाचे अण्णा नव्या पेटीत १०२६ झाले असतील, तर ते स्वतःच्याच पेन्शनच्या कागदांना परके. दरवर्षी हयातीचा दाखला देणाऱ्या अण्णांना यात काही नवल वाटत नाही म्हणा!

मग कोणीतरी जाणकार सांगतो, "सातशे सत्त्याहत्तर करून टाका!" म्हणजे तिघांनाही सात. सगळ्यांना सगळं. ऐकायला संतवाणी, पण मला त्यात औदार्य दिसत नाही, कंटाळा दिसतो. कोणाला काय दाखवायचं याचा विचार नको, म्हणून दारच काढून ठेवायचं. एकत्र कुटुंबात कुलपं नव्हती असं म्हणणाऱ्यांनी आजीच्या ट्रंकेची किल्ली कुठे असायची ते आठवावं.

त्याहून गमतीची गोष्ट पुढेच आहे. वाचायची परवानगी फाईलवर असते, पण ती फेकायची परवानगी फोल्डरवर. फोल्डरात लिहायची मुभा असली, की जी फाईल तुम्हाला उघडताही येत नाही ती पुसता मात्र येते. विचित्र वाटतं ना? पण वाडे पाडताना मोडी लिपीतली दफ्तरं रद्दीत घालणाऱ्यांनी वेगळं काय केलं? वाचता येत नव्हती, फेकता येत होती.

एका ओळखीच्या घरी आजोबा गेले. नातवाने पेटीतून त्यांचं खातं काढलं. फायलींवरचं नाव गेलं, नुसता क्रमांक उरला. त्यांत एक रोजनिशी. नातू पेटीचा कारभारी, आणि कारभाऱ्याला पेटी कशालाच अडवत नाही. उघडता येते का, एवढंच तिला कळतं. उघडावी का, हे ती कोणाला विचारणार? नातवाने आजींना विचारलं. आजी म्हणाल्या, "त्यांनी हयातीत दाखवली नाही, ती मी आता कशाला बघू? पण पुसू नकोस हो."

नातवाने फाईलला तीन शून्यं दिली, फोल्डरला ५५५. आता ती कोणी वाचायची नाही, कोणी फेकायची नाही. कारभारी सोडून.