साहस आणि ऋण

साहस हा सद्गुण की दुर्गुण, याचा निवाडा केवळ छातीच्या मापाने होत नाही. २७ जुलै १९४३ रोजी टेक्सासच्या किनाऱ्यावर गॅल्व्हेस्टनजवळ आलेल्या तुफानात कर्नल जोसेफ डकवर्थ यांनी एका इंजिनाचे विमान घातले, ते पैजेखातर. आणि ते सुखरूप परतले. त्या पैजेनेच पुढील वाट दाखविली, हे खरे. पुढे सप्टेंबर १९५५ मध्ये कॅरिबियन समुद्रावर ‘जॅनेट’ तुफानाचा वेध घ्यावयास गेलेले अमेरिकन आरमाराचे विमान अकरा माणसांसह नाहीसे झाले. फळाकडे पाहू गेल्यास पहिले साहस श्रेष्ठ ठरेल. हेतूकडे पाहिल्यास दुसरे.

कोणी म्हणेल, आता उपग्रह असता हा जिवावरचा खेळ कशास? परंतु उपग्रह तुफानाकडे वरून पाहतो. त्याच्या पोटातील वायुभार प्रत्यक्ष मोजते ते विमानातून छत्रीने सोडलेले यंत्र. त्या आकड्यांनी किनाऱ्यावरील लोकांना मिळणारा इशारा अधिक अचूक होतो. येथे नीतीचा प्रश्न वैमानिकाकडून ऐकणाराकडे वळतो. घर सोडणे शक्य असूनही जो असा इशारा हसण्यावारी नेतो, तो त्या अकरा जणांच्या मरणाला पैजेच्या पंक्तीस बसवितो.