सोडलेला मासा आणि मर्यादित अहिंसा

पतंजलीच्या योगसूत्रांतील दुसऱ्या पादात असे सांगितले आहे की अहिंसादी यम जाती, देश, काल आणि समय यांच्या मर्यादांनी बांधलेले नसतील तरच त्यांना महाव्रत म्हणावे. आणि जातीने, म्हणजे प्राणिवर्गाने, मर्यादित झालेल्या अहिंसेचे उदाहरण म्हणून व्यासभाष्याने नेमका मासे मारणारा निवडला आहे, जो माशांखेरीज अन्य कोणत्याही जीवाची हिंसा करीत नाही. देशाची मर्यादा म्हणजे तीर्थाच्या ठिकाणी मारणार नाही हा नेम, कालाची म्हणजे चतुर्दशीला वा पुण्यदिवशी मारणार नाही हा नेम, आणि समय म्हणजे ठरवून घेतलेली अट, उदाहरणार्थ देवाब्राह्मणांच्या कार्यावाचून मारणार नाही. भाष्यकारासमोर पोटासाठी मासे धरणारा माणूस असणार हे उघड आहे. तथापि या चौकटीची खरी कसोटी लागते ती इंग्लंड-अमेरिकेतील अशा हौशी माणसापाशी, जो मासा पकडतो, पण मारीत नाही आणि खातही नाही.

या छंदाला फ्लाय फिशिंग म्हणतात. कोकणात गरी टाकून मासे गरवणारा गरीला कोळंबीचे वा गांडुळाचे आमिष लावतो. फ्लाय फिशिंगमध्ये असे आमिष नसते, तर नखाएवढ्या गळावर रेशमी दोरा गुंडाळून आणि त्यात कोंबड्याच्या मानेचे पीस फिरवून बसवलेली खोटी माशी असते. ती बहुधा मेफ्लाय नावाच्या कीटकाची नक्कल असते, जो अळीच्या रूपात पाण्याखाली महिनोनमहिने काढतो आणि पंख फुटल्यावर, खाण्याजोगे तोंडच नसल्यामुळे, जेमतेम एखादा दिवस जगतो. माशी पाण्यावर तरंगतीच असावी की पाण्याखालच्या अळीची नक्कलही चालावी, या प्रश्नावर इंग्लंडातील टेस्ट आणि इचेन या नितळ नद्यांच्या काठी मोठा पंथभेद माजला होता. हॅलफर्डचा १८८६ चा ग्रंथ तरंगत्या माशीच्या पक्षाचा आधार झाला आणि स्क्यूजचा १९१० चा अळीच्या पक्षाचा, आणि दोन्हीकडच्या आवेशाला सांप्रदायिक वादाची सर होती. सह्याद्रीतील राखी रानकोंबड्याच्या मानेवरची मेणचट ठिपक्यांची पिसे सामन माशासाठीच्या खोट्या माश्यांत वापरली जात आणि त्यासाठी ती भारतातून युरोपात जात. पुढे भारताने त्या निर्यातीवर बंदी घातली. केवळ माशांपुरती मर्यादित म्हणवणारी हिंसा एखाद्या पक्ष्याच्या मानेपर्यंत कशी पोचते, हे येथे सहज दिसते.

असा माणूस निर्दय असतो असे मानणे मात्र चुकीचे ठरेल, कारण कोणता कीटक कोणत्या पंधरवड्यात, पाण्याच्या किती तापमानाला वर येतो हे त्याला शेजाऱ्यापाजाऱ्यांपेक्षा चांगले ठाऊक असते, आणि तीच नजर घरी परतल्यावर परसाकडे वळते. मधमाश्यांसाठी गवत न कापता ठेवणे, पाखरांसाठी दाणे आणि पाणी ठेवणे, मांजराला घरात कोंडणे या गोष्टी तो मनापासून करतो. परसात अभय आणि नदीत गळ, ही भाष्यातली देशाची मर्यादा झाली. रायगड जिल्ह्यातील वाळणकोंडीतले महसीर मासे देवीचे मानले जातात आणि गावकरी त्यांना हात लावीत नाहीत, परंतु ते अभय त्या डोहापुरतेच असते. अशा मर्यादित नेमाला भाष्यकार खोटे म्हणत नाही, अपुरे म्हणतो, आणि हा भेद पुढील विवेचनात महत्त्वाचा आहे.

मासा सोडून देण्याच्या प्रथेमागे मुळात दया नव्हती, हिशेब होता. अमेरिकन मासेमार ली वुल्फ याने १९३९ मध्ये असा विचार मांडला की शिकारीचा मासा एकदाच पकडून संपवावा इतका स्वस्त नाही. म्हणजे सोडायचे ते पुन्हा पकडता यावे म्हणून. संरक्षणाचा उपाय म्हणून ही प्रथा उपयुक्त ठरली, परंतु हळूहळू तिला नैतिक निर्दोषत्वाचे रूप आले, आणि शंका घ्यायची ती येथे. लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ट्राउट माशाच्या डोक्यावर इजा ओळखणारी चेतातंतूंची टोके असल्याचे दाखवले, आणि ओठांत दाहक द्रव्य टोचलेले मासे तळाच्या खडीवर ओठ घासत असल्याचे नोंदवले. मेंदूचे बाह्यपटल नसलेल्या प्राण्याला वेदनेची जाणीव होऊच शकत नाही, असा जेम्स रोझ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचा प्रतिवाद आहे आणि तो वाद मिटलेला नाही. शरीराला होणाऱ्या इजेबद्दल मात्र वादाला फारशी जागा नाही. कॅनडात १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात दमवलेल्या ट्राउटपैकी पाण्यातच ठेवलेल्यांतले सुमारे ८८ टक्के बारा तासांनंतर जिवंत होते. पाण्याबाहेर अर्धा मिनिट धरलेल्यांत हे प्रमाण ६२ टक्क्यांवर आणि मिनिटभर धरलेल्यांत २८ टक्क्यांवर आले. छायाचित्रासाठी मासा उचलून धरला की एवढा वेळ सहज जातो.

जैन तत्त्वज्ञानात उमास्वातींनी हिंसेची व्याख्या करताना प्राणहानीच्या आधी प्रमत्त योग, म्हणजे विकाराने वा बेसावधपणाने घडणारी मन-वाणी-शरीराची हालचाल, ठेवली आहे, आणि त्या क्रमामुळे प्रश्नाचे केंद्र माशाच्या मृत्यूवरून माणसाच्या हेतूवर येते. बार्कलीच्या तत्त्वज्ञानाचे आयरिश अभ्यासक ए. ए. ल्यूस, जे स्वतः गळ टाकणारे होते, १९५९ च्या ‘फिशिंग अँड थिंकिंग’ या पुस्तकात जवळपास याच ठिकाणी पोचले : खाण्यासाठी मासा मारणे समर्थनीय, पण निव्वळ मजेसाठी त्याला झुंजवून सोडणे क्रूरपणाचे. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या पशुसंरक्षण नियमावलीनेही सोडण्याच्या इराद्याने मासा पकडण्यास मनाई केली. भारतीय वाचकाला हा कायदा प्रथम उलटाच वाटेल, कारण जीव सोडणे गुन्हा आणि मारणे कर्तव्य असे त्याचे बाह्य रूप आहे. त्याचा तर्क मात्र उमास्वातींना अपरिचित वाटला नसता.

या छंदाला हिंसा ठरवण्यावरचा सर्वांत बळकट आक्षेप महाभारताच्या वनपर्वात सापडतो. मिथिलेतला मांसविक्रेता धर्मव्याध कौशिक ब्राह्मणाला सांगतो की नांगर चालवणाराही असंख्य जीव मारतो आणि पूर्ण अहिंसक असा कोणीच नाही. मग धुलाईच्या पावडरीने नदी बिघडवणाऱ्या गृहस्थाने गळवाल्याला बोल का लावावा? शिवाय नदीसाठी भांडायला अनेकदा हाच माणूस पुढे येतो; ट्राउट अनलिमिटेड ही अमेरिकेतील नदीसंरक्षण संस्था १९५९ मध्ये मिशिगनमध्ये अशाच हौशी लोकांनी उभी केली. हा युक्तिवाद खरा आहे, पण तो नदीप्रेमाचे समर्थन करतो, गळाचे नव्हे. धर्मव्याधाची हिंसा कुलधर्माने आणि उपजीविकेने त्याच्या वाट्याला आलेली आहे आणि तिची त्याला खंत आहे. हौशी माणसाची हिंसा तो सुटीच्या दिवशी निवडून घेतो.

म्हणून पोटासाठी जाळे टाकणाऱ्या कोळ्यापेक्षा मासा सोडणारा हौशी अधिक अहिंसक ठरतो, हा दावा टिकत नाही. त्याने छंद टाकावाच असेही यातून सिद्ध होत नाही, कारण मर्यादित व्रतही व्रतच असते आणि मर्यादा वाढवता येते. अमेरिकेतील मोंटाना राज्यात उन्हाळ्यात पाणी सलग तीन दिवस सुमारे २३ अंश सेल्सियसपर्यंत तापले की दुपारी दोननंतर मध्यरात्रीपर्यंत अनेक नद्यांवर मासेमारी बंद ठेवली जाते. ही झाली कालाची मर्यादा. अट म्हणून तिच्यासोबत बिनकाट्याचा गळ वापरावा, सोडायचा मासा पाण्याबाहेर काढूच नये, आणि खायचा असेल तेवढाच पकडून काठी बाजूला ठेवावी.