मेंढरे कोणाच्या स्वाधीन केली?

शास्त्रपाठ : १ शमुवेल १७:१२-३०

दावीद व गल्याथ यांची कथा ठाऊक नाही असे लेकरू आपल्या कोणत्याही शब्बाथशाळेत सापडावयाचे नाही. गोफण, ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे, आणि त्या धिप्पाड पलिष्ट्याचे पालथे पडणे, हे सर्व मुलांस तोंडपाठ असते. परंतु दावीद पोरवयातून पुरुषपणात आला तो केव्हा, असे विचारल्यास पुष्कळ जण गल्याथ पडला त्या क्षणाकडे बोट दाखवितील. आम्हांस तसे वाटत नाही. तो पुरुष झाला होता हे त्याच दिवशी पहाटे, बेथलेहेमच्या माळावर, एका लहानशा गोष्टीत दिसून आले.

इशायास आठ पुत्र होते. वडील तिघे शौलाबरोबर लढाईस गेले. धाकटा दावीद मेंढरे राखीत असे. भावांसाठी भाजलेले धान्य व दहा भाकरी, आणि त्यांच्या सरदारासाठी पनीर घेऊन छावणीत जा, अशी बापाची आज्ञा झाली. विसावे वचन काढून पाहा. दावीद पहाटेस उठला, त्याने मेंढरे एका राखणदाराच्या हाती सोपविली, आणि मग तो निघाला.

रणभूमी पाहावयास मिळणार म्हटल्यावर कोणत्या तरुणाचे पाय घरी ठरतील? तरी हा आधी राखणदार शोधतो. आपल्या माळावर धनगरांचे वाडे उतरतात. एक रात्र राखणीवाचून गेली तर सकाळी काय दिसते हे वाचकांस आम्ही सांगावयास नको. छावणीत पोहोचल्यावरही त्याने आणलेले सामान तेथील रखवालदारास दिले, आणि मगच तो सैन्याकडे धावला.

मिसरूड फुटते, आवाज घोगरा होतो. अठराव्या वर्षी मत देता येते, एकविसाव्या वर्षी लग्न करता येते. हे सर्व पंचांग आपोआप देते. त्यात आपली कमाई ती काय? विडी ओढणे आणि चौकात उभे राहून मोठ्याने बोलणे यांसही कित्येक मर्दुमकी समजतात. तरुण बंधूंनो, तुम्ही कामासाठी पुण्या-मुंबईस जाता, त्यात पाप नाही, दावीदही गेलाच. परंतु आईचे औषध, सोसायटीच्या कर्जाचा हप्ता, धाकट्या बहिणीची शाळा, ही मेंढरे तुम्ही कोणाच्या हाती देऊन गेलात?

हा प्रश्न आम्ही विचारतो खरा, पण विचारताना भय वाटते. कारण हाच प्रश्न अलियाबाने विचारला होता. रानातली ती थोडीशी मेंढरे कोणाजवळ टाकून आलास, असे तो वडील भाऊ सर्वांदेखत रागाने बोलला. उत्तर तर पहाटेच देऊन झाले होते! अलियाब ते ऐकावयास थांबला नाही.

आम्हीही एकदा थांबलो नाही. आमच्या शब्बाथशाळेत शिकविणाऱ्या एका तरुणाने शहरात नोकरी लागल्याचे सांगितले, तेव्हा आम्ही पंचांसमोर त्यास म्हणालो, “मुलांस वाऱ्यावर सोडून चाललास, हा पोरखेळ आहे.” तो खाली मान घालून गेला. पुढच्या रविवारी वर्गात गेलो, तो एक मुलगी धडा घेत होती. महिनाभर तो तिला शेजारी बसवून शिकवीत होता. हजेरीपट स्वच्छ लिहिलेला, आणि पुढील तीन महिन्यांच्या पाठांवर खुणा केलेल्या. आम्ही त्यास क्षमेचे पत्र लिहिले. त्याचे उत्तर अद्याप आले नाही.

वडील मंडळींस व उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे. वीस वर्षांच्या तरुणाकडून आपण सतरंज्या घालवून घेतो; हिशेबाची वही मात्र त्यास दाखवीत नाही, शास्त्रपाठही वाचू देत नाही. ज्याच्या हाती मेंढरे कधी दिलीच नाहीत, तो ती कोणाच्या स्वाधीन करील? इशायाने तर आपला सर्वांत धाकटा पुत्र रानात एकटा सोडला होता. सिंह व अस्वल त्यास तेथेच भेटले.

पुढे दावीदाच्या वंशात जन्मलेला आपला प्रभू वधस्तंभावर होता. सर्व जगाच्या तारणाचे काम त्याच्यावर होते, आणि श्वास घेणेही कठीण झाले होते. त्या घटकेस त्याने खाली पाहिले, तो त्याची आई उभी होती आणि जवळच त्याचा प्रिय शिष्य. त्याने तिला त्या शिष्याच्या स्वाधीन केले, आणि तो तिला आपल्या घरी घेऊन गेला.