छंद या रकान्यात काय लिहायचं?

नाटक करणाऱ्या मुलाने नोकरीच्या मुलाखतीत ते सांगावं की लपवावं? हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पुस्तकात सापडायचा नाही, पण आमच्या वर्धा जिल्ह्यात तो वरचेवर भेटतो. मुलगा सेलूचा असो, देवळीचा असो की हिंगणघाटचा. कॉलेजात एकांकिका केलेल्या असतात, राज्य नाट्य स्पर्धेचं एखादं प्रमाणपत्र असतं. कुणी इथल्याच हिंदी विश्वविद्यालयात नाटक-सिनेमाचं रीतसर शिक्षण घेतलेलं असतं. मुंबईला जाऊन ऑडिशनच्या रांगाही बघून झालेल्या असतात. मग घर म्हणतं, आता काहीतरी बघ. हे ‘काहीतरी’ म्हणजे खासगी शाळा, मायक्रोफायनान्सची वसुली, बुटीबोरीतली कंपनी, नाहीतर तासिका तत्त्वावरचं कॉलेज.

झेरॉक्सच्या दुकानात मध्यंतरी असाच एक मुलगा दिसला. हातात प्लास्टिकची पारदर्शक फाइल. दहावी, बारावी, पदवी, एमएस-सीआयटी, जात पडताळणी असे कागद त्याने ओळीने लावले होते, आणि मधलं एक रंगीत प्रमाणपत्र हलकेच ओढून बाहेर काढत होता. सोबतच्याने विचारलं, “हे काहून काढून राहिला बे? हेच तर भारी आहे.” तो म्हणाला, “सरायले वाटन, पोट्टा सुट्ट्याच मागत राहीन.” बायोडाटात छंद या रकान्यात त्याने लिहिलं होतं, वाचन व संगीत ऐकणे. आठ-दहा वर्षं जो माणूस रात्री बारापर्यंत तालमी करत आला, त्याचा हा छंद.

त्याला खोटारडा म्हणायला माझी जीभ रेटत नाही. नोकरी देणारा विकत काय घेतो? ठरावीक तास, अंगातलं कसब आणि सचोटी. तुमची स्वप्नं त्या व्यवहारात येत नाहीत. “पाच वर्षांनी तुम्ही कुठे असाल?” असं विचारणाऱ्यालाही खरं उत्तर नको असतं. शेजारच्या खुर्चीवरचा उमेदवार एमपीएससीचा अभ्यास करत असतो, पहाटे पोलीस भरतीसाठी धावत असतो. तोही हे सांगत नाही. पुढे त्याची निवड झाली आणि तो नोकरी सोडून गेला, तर हेच संस्थाचालक पेढे खातात आणि “आमच्याकडे होता” म्हणून चारचौघांत सांगतात. सोडून जाणं दोघांचंही सारखंच. पण एकाची ती महत्त्वाकांक्षा ठरते आणि दुसऱ्याची थेरं. स्वप्न बाळगल्याबद्दल आपण माणसाला दोषी धरत नाही, ते सरकारी नसल्याबद्दल धरतो. लग्नाच्या बायोडाटात तर नाटकाचं नावसुद्धा नको. तिथे ‘खासगी नोकरी, पगार चांगला’ एवढं लिहून मामा मोकळे होतात.

तरीही लपवण्याला एक मर्यादा आहे, आणि ती मला इथे दिसते: तुमच्या जाण्याची किंमत कोण मोजणार? मोबाइलच्या शोरूममधून अचानक गेलात तर मालक चार शिव्या देईल आणि आठवड्यात दुसरा ठेवील. पण गावातल्या शाळेत दहावीला गणित शिकवत असाल, आणि फेब्रुवारीत मुंबईहून फोन आला म्हणून गेलात, तर भुर्दंड संस्थाचालकाला नाही. तो त्या पोरांना, जी शिकवणी लावू शकत नाहीत. अशा ठिकाणी आधीच सांगायला हवं, निदान एवढं तरी: परीक्षेच्या महिन्यांत मी हलणार नाही, स्पर्धेच्या वेळी मात्र आठ दिवस लागतील, बिनपगारी चालतील. असं सांगितल्याने नोकरी हुकू शकते. पण दुबळ्याच्या जिवावर स्वप्न उभं करण्यापेक्षा हुकलेली बरी, असं माझं मत आहे. रिकाम्या खिशाने ते पाळणं अवघड, हेही मला कळतं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. कलावंत पोटासाठी नोकरी धरतो आणि त्या नोकरीचा मनोमन तिटकारा करतो. वर्गात उभा असतो, पण चेहऱ्यावर लिहिलेलं असतं की मी इथला नव्हे. मुलांना ते बरोबर कळतं. आपल्याकडे तर या तिटकाऱ्याला एक वलयच आहे. नोकरीत रमला तो कसला कलावंत, असं म्हणायची रीत आहे.

आता थोडा इतिहास बघू. केशवसुत शिकत असताना काही काळ वर्ध्याला मामांकडे होते, मामा इथे वकील. तिथून नागपूर. 1889 मध्ये, तेविशीच्या आसपास, ते मॅट्रिक झाले. पुढे मुंबईत तात्पुरत्या मास्तरक्या केल्या. प्लेगच्या भीतीने खानदेशात गेले, भडगाव, फैजपूर इथल्या शाळांत शिकवलं, आणि 1904 मध्ये धारवाडला मराठीचे शिक्षक झाले. पुढच्याच वर्षी, 1905 च्या नोव्हेंबरात, हुबळीला प्लेगनेच गेले. आधुनिक मराठी कविता ज्याच्यापासून मोजतात, त्या माणसाचं अर्धं आयुष्य पुढच्या नोकरीच्या शोधात गेलं. नारायण सुर्वे शाळेत शिपाई होते, मग मुंबई महापालिकेच्या शाळेत शिक्षक झाले, आणि 1995 मध्ये परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. 1969 चं साहित्य संमेलन आमच्या वर्ध्याला झालं, तेव्हाचे अध्यक्ष पु. शि. रेगे पोटापाण्यासाठी अर्थशास्त्र शिकवत आले होते. नोकरीने कविता मरते, हे गृहीतक निदान या तिघांपुढे टिकत नाही.

प्रागच्या फ्रान्झ काफ्काचं उदाहरण मला याहून मोलाचं वाटतं. कामगारांच्या अपघात विम्याच्या कचेरीत तो 1908 पासून 1922 पर्यंत नोकरीला होता. डायरीत आणि पत्रांत नोकरीच्या नावाने त्याने बोटं मोडली आहेत, नाही असं नाही. लिहायचा तो रात्री. पण त्याच कचेरीसाठी त्याने 1910 च्या सुमारास लाकूड रंधणाऱ्या यंत्रांवर एक अहवाल केला. यंत्राचा दांडा चौकोनी असला की पातं आणि टेबल यांच्यात फट राहते, आणि तिथे बोटं तुटतात. दांडा गोल केला तर धोका पुष्कळ घटतो. नुसतं लिहून तो थांबला नाही, तुटलेल्या बोटांच्या हातांची चित्रं अहवालाला जोडली, कारण चित्र बघून कारखानदाराला टाळाटाळ करता येत नाही. नोकरी आवडत नव्हती, तरी सुताराचं बोट त्याने आपल्या नावडीच्या हवाली केलं नाही. एवढं पुरेसं आहे. नोकरीवर प्रेम करा, असला उपदेश मी करणार नाही. तो व्यवस्थापनाच्या शिबिरांत भरपूर मिळतो.

नोकरी आणि कला यांची फाळणी मिटवता येते का, याचा एक खराखुरा प्रयोग मात्र आपल्याच जिल्ह्यात झाला. 1937 च्या ऑक्टोबरात, 22 आणि 23 तारखेला, वर्ध्यात शिक्षण परिषद भरली. गांधीजी अध्यक्ष होते. सात वर्षं मोफत सक्तीचं शिक्षण, मातृभाषा माध्यम, आणि शिक्षणाच्या मध्यभागी हाताचा एखादा उद्योग, असे ठराव झाले. झाकिर हुसेन यांच्या समितीने अभ्यासक्रम आखला. त्यातलं एक कलम तेव्हाही वादाचं ठरलं: या उद्योगातून हळूहळू शिक्षकांचा पगार निघावा. टीकाकारांना धास्ती होती की शाळेचा कारखाना होईल. ती अगदीच गैरवाजवी नव्हती.

नई तालीम म्हणून ओळखल्या गेलेल्या या शिक्षणाच्या कामात 1944 मध्ये देवी प्रसाद सेवाग्रामला आले. शांतिनिकेतनच्या कला भवनात नंदलाल बोस यांच्या हाताखाली घडलेला, तेविशीच्या आतबाहेरचा चित्रकार. अशा मुलाला तेव्हा काय सुचलं असतं? कलकत्ता किंवा मुंबई गाठावी, प्रदर्शनं भरवावीत. त्याने जिथे सूत कातलं जायचं आणि संडास सफाई हाही अभ्यासाचा भाग होता, अशा शाळेत चित्रकलेच्या मास्तराची नोकरी धरली, आणि 1962 पर्यंत सोडली नाही. मुलं काय काढतात, कुठल्या वयात कसं काढतात, हे तो वर्षानुवर्षं बघत राहिला. ‘शिक्षा का वाहन: कला’ हे त्यांचं पुस्तक त्या वर्गाच्या जोरावर उभं आहे. सेवाग्रामनंतर ते लंडनला युद्धविरोधी चळवळीच्या कामात गेले. कुंभारकामातलं देशातलं मोठं नाव झाले. 2007 मध्ये ललित कला अकादमीने त्यांना ‘ललित कला रत्न’ केलं. ऐन उमेदीची अठरा वर्षं मास्तरकीत ‘वाया’ घालवलेल्या माणसाचा हा हिशेब आहे.

पण यावरून आजच्या मुलाला “बघ, देवी प्रसादांसारखा हो” म्हणणं हा अन्याय होईल. त्यांना मिळाली तशी नोकरी आज आहे कुठे? त्या शाळेत चित्रकला तोंडी लावायला नव्हती, शिक्षणाच्या गाभ्यात होती. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं परिशिष्ट उघडा. सहावी ते आठवीच्या शाळेत शंभरावर मुलं असतील तर कला, आरोग्य-शारीरिक शिक्षण आणि कार्यशिक्षण यांसाठी निदेशक असावेत, आणि तेही अंशकालीन. शंभराच्या आत मुलं असतील तर तेही नाहीत. आमच्या खेड्यांतल्या किती शाळांत या तीन वर्गांत मिळून शंभर मुलं भरतात, ते गावच्या मास्तरला विचारा. जिथून नई तालीमची सुरुवात झाली त्या जिल्ह्यात चित्रकलेचा डिप्लोमा केलेला मुलगा फ्लेक्स छापणाऱ्याकडे डिझाइन करतो. कलेला पोट जोडणं ही त्याची एकट्याची नैतिक कसोटी आहे, असं आपण मानून बसलोय. त्याने मन घट्ट करावं, शिस्त लावावी, पहाटे उठून रियाज करावा. आपण काय करावं, हे कुणी बोलत नाही.

आपण काय करतो ते गणेशोत्सवात बघा. मंडपवाल्याचे पैसे ठरतात, साउंडवाल्याला आधी बयाणा द्यावा लागतो, जनरेटरचं डिझेल रोख येतं. एकांकिका करणाऱ्या पोरांना मात्र सांगतात, “बजेट नाही जी यंदा, पण पब्लिक भरपूर राहते, नाव होते तुमचं.” शेवटी शाल आणि नारळ. घरी त्या शालींची चळत असते, आणि तरी बाप विचारतो, “नाटकानं पोट भरते का रे बाप्पा?” बाप चुकत नाही. ज्यांनी भरू दिलं नाही ते आम्ही, पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवणारे.

एक विनोद मी अनेक ठिकाणी बघितलाय. मुलाखतीत ज्या कलेपायी उमेदवार नको वाटतो, ती कला त्याला रुजू करून घेतल्याच्या दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांना हवी असते. स्नेहसंमेलन बसवायचं त्याने, 26 जानेवारीचा फळा रंगवायचा त्याने, पाहुण्यांसाठी रांगोळी, सूत्रसंचालन, निवडणुकीच्या जनजागृतीचं पथनाट्य, सगळं त्याच्याच गळ्यात. जादा पैशाचं नाव नाही, बदल्याची सुट्टीही नाही. “तुमची आवडच आहे सर, तुम्हाला काय कठीण!” प्रमाणपत्र फाइलमधून काढून ठेवलं तरी हे सुटत नाही, कारण हात लपत नाही.

त्याने या कामांना नाही म्हणावं का? मुलांचं नाटक असेल तर अजिबात म्हणू नये. पगार अपुरा आहे हे खरं असलं तरी त्याचा राग मुलांच्या रंगमंचावर काढू नये. पथनाट्याला तालमीचे तास द्या म्हणावं, आणि ते लेखी घ्यावेत. पण संस्थेच्या अध्यक्षांच्या वाढदिवसाचा फलक आला, तर सरळ सांगावं, “सर, हे माझ्या कामात बसत नाही. बाहेरून करून देतो, इतके रुपये होतील.” आकडा सांगताना घसा कोरडा पडेल. तरी ओशाळून कमी करू नये.